शहाण्णव मिनिटं

ऑफिस हलवायचं असेल तर आधी ते मोजावं लागतं. किती टेबलं, किती कपाटं, कपाटांची उंची, नव्या इमारतीच्या जिन्याची रुंदी. आमचं दर्यापूरचं ऑफिस मी मोजलं तेव्हा अडतीस माणसांसाठी एकाहत्तर खुर्च्या निघाल्या. अकोल्याच्या शाखेत तेवीस माणसं आणि त्रेचाळीस खुर्च्या. कुठल्याही ऑफिसात माणसं निवृत्त होतात, खुर्च्या होत नाहीत. एका खुर्चीला पाठ नव्हती, एकीचा पाय सुतळीने बांधलेला होता, आणि एकीवर कुणी बसायचं नाही असा दंडक होता, कारण तिच्यावर बसून आमचे एक जुने लेखापाल वारले होते. मी तिन्ही यादीत धरल्या. मोजताना निवड करायची नसते, असं मी तेव्हा मानत होतो.

मी एका बियाणे कंपनीत आस्थापना विभागात एकोणतीस वर्षं आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. आस्थापना म्हणजे काय, हे माझ्या मेहुण्याला अजून समजलेलं नाही. आम्ही बियाणं पेरत नाही, विकत नाही, तपासत नाही. कोण कुठे बसतो, त्याच्या डोक्यावर पंखा आहे का, त्याची रजा किती उरली, गोदामाची चावी कोणाकडे आहे, हे आमचं काम. सगळं नीट चाललं असलं की आमच्याकडे कोणी बघत नाही. त्यामुळे नीट काम करण्याचा एक गुपचूप अभिमान आमच्या लोकांना असतो. मलाही होता. माझ्या रजेच्या तक्त्यात कधी अर्ध्या दिवसाची चूक निघाली नाही.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने ठरवलं की दर्यापूरचं ऑफिस आणि अकोल्याची शाखा, दोन्ही बंद करून सगळ्यांना अमरावतीत, भर शहरात आणायचं. राजकमल चौकापासून चालत चार मिनिटांवर एका नव्या इमारतीचा चौथा मजला घेतला. पुण्याहून एक साहेब आले आणि त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून कारणं सांगितली. शहराच्या मध्यभागी शिकलेली माणसं मिळतात, बँका जवळ असतात, पाहुण्यांना पत्ता सापडतो. कारणं खोटी नव्हती. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक विमा कंपनी होती, तिसऱ्यावर कर्ज देणारी एक कंपनी, आणि दोघींनीही आपापली तालुक्याची ऑफिसं बंद करून तिथे खुर्च्या मांडल्या होत्या. जो तो गावाकडचा गाशा गुंडाळून त्याच एका चौकाकडे निघाला होता.

आमचं दर्यापूरचं ऑफिस म्हणजे जुन्या जिनिंगचं आवार. कापसाचं काम कधीच बंद पडलं होतं, पण शेड भक्कम होत्या. आवारात चार कडुनिंब. मागच्या शेडमध्ये बियाणं तपासायची प्रयोगशाळा, आणि तिथे कुंदाताई इंगोले.

कुंदाताई बारावी सायन्स झालेल्या. लग्नानंतर लागल्या आणि एकोणीस वर्षं त्या शेडमध्ये होत्या. दर्यापुराहून अमरावतीकडे निघालं की चार किलोमीटरवर त्यांचं गाव. नवरा शेती बघायचा. सासू अर्धांगाने अंथरुणावर, एक मुलगी शाळेत. ऑफिसात मला सगळे गावंडेसाहेब म्हणायचे. भाऊ म्हणणाऱ्या फक्त कुंदाताई.

त्यांचं काम मला इथे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बियाणं बाजारात जाण्याआधी ते उगवतं का, हे पाहतात. सोयाबीनचे दाणे ओल्या कागदावर रांगेत मांडायचे, कागद गुंडाळायचा, आणि त्या गुंडाळ्या पंचवीस अंशांच्या कपाटात उभ्या ठेवायच्या. पाचव्या दिवशी एकदा मोजायचं, आठव्या दिवशी शेवटचं. शंभरात सत्तरच्या खाली उगवले तर तो माल बियाणं म्हणून विकता येत नाही. पण गंमत अशी की शंभर दाणे मांडून हा आकडा काढत नाहीत. शंभर-शंभराच्या चार गुंडाळ्या करतात, चारही वेगवेगळ्या मोजतात. चार आकड्यांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला, तर ती चाचणी रद्द. पुन्हा पहिल्यापासून. चारही जवळजवळ आले, तरच सरासरी काढायची. अहवालावर सह्या दोन, एक तपासणाऱ्याची आणि एक पडताळणाऱ्याची. शेजारी शेऱ्याचा रकाना. कपाटाची वीज गेली होती, कागद वाळला होता, असं काही झालं असेल तर ते तिथे लिहायचं.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "चार वेळा कशाला? शंभर दाणे पुरे नाहीत?"

"भाऊ," त्या कोंब उजेडात धरून म्हणाल्या, "एका गुंडाळीत काहीबी होते. कागद एकीकडून वाळते, दाना बुरशीच्या बाजूले पडते. त्यात बिचाऱ्या बियान्याचा काय गुन्हा?"

त्यांची नजर विलक्षण होती. आलेला प्रत्येक कोंब त्या उगवला म्हणून धरत नसत. मूळ खुजं असेल, वर करंगळीएवढं हिरवं दिसत असेल, तर बाजूला काढायच्या आणि म्हणायच्या, "हे निंगालं हाये, पन मातीत उभं नाई राहनार." शेतकऱ्यांना हे माहीत होतं. पेरणीच्या आधी दर्यापूर, अकोटपर्यंतचे लोक घरचं सोयाबीन दुपट्ट्याच्या टोकाला बांधून आणायचे आणि थेट मागच्या शेडमध्ये जायचे. कंपनीचा हा धंदा नव्हता. कुंदाताई जेवणाच्या सुट्टीत ते दाणे मांडायच्या.

आता नियमाचं सांगतो. पुण्याच्या साहेबांनी सांगितलं की घरापासून नव्या ऑफिसापर्यंत एका बाजूला दीड तासापेक्षा जास्त प्रवास लागत असेल, तर त्या माणसाला नेता येणार नाही. असे लोक सहा महिन्यांत दमतात आणि सोडून जातात, असं त्यांचं म्हणणं. त्यांना तीन महिन्यांचा पगार देऊन मोकळं करायचं. अमरावतीत बिऱ्हाड केलं तर नियम लागू नाही. बिऱ्हाड हलवणारे सोडले तर ज्यांच्याबद्दल शंका होती असे सतरा जण निघाले. त्यांचा रस्ता मोजायचं काम माझं.

"वेळापत्रकावरून काढू नका," साहेब म्हणाले. "स्वतः प्रवास करा. आणि कारण सांगायचं नाही. सांगितलं की लोक धावत सुटतील आणि वेळ कमी दाखवतील."

मला हे पटलं. मोजमाप शुद्ध हवं. मी सगळ्यांना सांगितलं की एसटीच्या पासासाठी माहिती गोळा करतोय. तोवरच्या सव्वीस वर्षांत ऑफिसच्या कामात मी बोललेलं ते पहिलं खोटं. नऊ दिवसांत सतरा रस्ते केले. खिशात वही, हातात घड्याळ. घराच्या उंबऱ्यापासून सुरू, नव्या ऑफिसच्या काचेच्या दारापाशी बंद. एकेकाचा रस्ता एकेकदा.

कुंदाताईंच्या घरी सकाळी साडेसातला पोचलो. त्यांनी चहा केला. सासूची कूस बदलून दिली, मुलीचा डबा भरला, आणि आम्ही निघालो. घर ते फाटा सात मिनिटं. गाडीची वाट पाहणं पाच मिनिटं. अकोटहून येणारी गाडी मिळाली, बसायलाही जागा मिळाली. कुंदाताई खिडकीशी, मी शेजारी.

"पास स्वस्तात भेटन का, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"पाहू," मी म्हणालो.

पुढच्या फाट्यावर गाडी थांबली. तीन बाया चढल्या. महानुभाव पंथाच्या म्हाताऱ्या होत्या, रिद्धपूरला निघालेल्या; अमरावतीला उतरून पुढची गाडी धरणार. कंडक्टरने घंटीची दोरी ओढायला हात वर केला, तेवढ्यात कुंदाताईंना खिडकीतून दिसलं की मागे शेतातल्या वाटेने आणखी सात-आठ जणी येतायत. डोक्यावर गाठोडी, एकीच्या हातात काठी.

"थांब रे भाऊ," त्या ओरडल्या. "आनखी बाया येऊन राहिल्या."

"बाई, गाडी आधीच लेट हाये," कंडक्टर म्हणाला.

"दोन मिन्टं थांब."

"दोन मिन्टं म्हनता? थ्या तर अजून पांदनीत हायेत!"

"मंग काय उडून येतीन का? तुह्या आजीच्या वयाच्या हायेत. थांब म्हनलं ना."

गाडीत हशा पिकला. कंडक्टरने कपाळाला हात लावला आणि दोरी सोडली. एवढ्यावर न थांबता कुंदाताई खाली उतरल्या. दोघींची गाठोडी घेतली, काठीवालीला दंडाला धरून चढवलं. मी माझ्या जागेवर बसून घड्याळाकडे बघत होतो. चार मिनिटं. सात. नऊ. मला एकट्याला ठाऊक होतं की या गाडीत कोणाचं काय मोजलं जात आहे. मी खिडकीतून म्हणू शकलो असतो, कुंदाताई, चला, बसा. कारण न सांगताही म्हणता आलं असतं. मी तोंड उघडलं नाही. मोजणाऱ्याने मध्ये पडू नये, असं माझं मत होतं.

अकरा मिनिटांनी गाडी हलली. कुंदाताई घाम पुसत येऊन बसल्या. त्यांची जागा त्यांनी काठीवालीला दिली होती, म्हणून मी उठलो आणि त्यांना माझी दिली. एवढं मी केलं.

अमरावतीच्या स्टँडपासून नव्या ऑफिसपर्यंत चालत तेरा मिनिटं. सात, पाच, एकाहत्तर, तेरा. एकूण शहाण्णव. मर्यादा नव्वद.

त्या संध्याकाळी तक्ता तयार केला. नाव, पत्ता, प्रवासाची मिनिटं, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी कोणापुढेच काही लिहिलं नाही. अकोल्याच्या शाखेतल्या, पण अमरावतीच्या बाजूला राहणाऱ्या एकाने मला सांगितलं होतं की त्या दिवशी रेल्वे फाटक लागलं, ते लिहा. मी लिहिलं नाही. त्याचे अठ्ठ्याऐंशी आले होते, त्यामुळे काही बिघडलं नाही. कुंदाताईंसमोर लिहावं असं मनात आलं होतं. पण एकाचं लिहिलं नाही तर दुसरीचं कसं लिहायचं? शेरे म्हणजे सबबी, असं मला वाटायचं. सगळ्यांना सारखा न्याय. मी सही केली आणि तक्ता पुण्याला पाठवला. सतरांपैकी अकरा बसले, सहा बाहेर गेले. सहांतल्या पाच जणांचे दोन तासांच्या वर होते, अकोटचे लोक. सहा मिनिटांनी गेल्या त्या एकट्या कुंदाताई.

पत्रं आली त्या दिवशी कुंदाताई माझ्या टेबलाशी आल्या. आवाज चढवला नाही. पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि त्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, हे शहान्नव कुठून आलं?"

"आपण गेलो होतो ना. त्या दिवशी मोजलं."

"थो पासाचा प्रवास?"

"पासाचा नव्हता."

त्यांचं बोट आकड्यावरच होतं. मग त्यांना आठवलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"थ्या बाया चढल्या त्या दिवशी?"

"हो."

"आन् तुमी बाजूले बसून होते."

"हो."

"बोलले कावून नाई, भाऊ?"

मी पत्रावरचा आकडा पुन्हा वाचला. 

"किती खेपा मोजलं?" त्यांनी विचारलं.

"एकदा."

त्यांनी पत्राची घडी घातली. "एका गुंडाळीवर आपन कधी रिझल्ट देल्ला का?" एवढंच म्हणून त्या शेडकडे गेल्या. पाचव्या दिवसाची मोजणी राहिली होती.

मी पुण्याला फोन लावला. सांगितलं की एका नावाचं पुन्हा मोजायला हवं, त्या दिवशी गाडी थांबली होती.

"शेऱ्यात आहे का तसं?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"आकडा तुमचाच आहे ना? सही तुमची आहे ना? एकाचं पुन्हा मोजलं तर सहाही जण येतील, गावंडे. तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?"

माझाच न्याय त्यांनी मला ऐकवला. मी फोन ठेवला. भांडायला हवं होतं, पुण्याला जायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही असं म्हणणार नाही. सुचलं होतं. माझ्या तक्त्यात चूक आहे असं लेखी द्यायला हात धजला नाही. कुंदाताईंनी अमरावतीत बिऱ्हाड करावं असंही मी एकदा सुचवून पाहिलं. "आन् सासूले कोन पाहीन?" त्या म्हणाल्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी, बारावी पास बाईसाठी, दर्यापुरात दुसरी प्रयोगशाळा नव्हती.

सामान हलवायचं काम रशीदभाईंना दिलं होतं. अमरावतीचे, दोन ट्रक, सहा माणसं. अकोल्याच्या मंडळींनी आपले कूलर सोडायला नकार दिला, तेव्हा त्यांची समजूत त्यांनीच काढली: "साहेब, तिथं मोठा एसी हाय. कूलर लावला तर सर्दी होईल, मग मलेच शिव्या घालाल." बियाणं उगवायचं ते कपाट तीन फूट पाच इंच रुंद, लिफ्टचं दार साडेतीन फूट. मी दोनदा मोजलं होतं. रविवारी कपाट लिफ्टपाशी आणलं आणि अडकलं. रशीदभाईंनी वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"गावंडेसाब, कपाट नापा, दरवाजा नापा. ये हैंडल कौन नापेगा?"

बाजूची मूठ दोन इंच बाहेर होती. सहा माणसांनी कपाट चार जिने खांद्यावर चढवलं. वर आल्यावर रशीदभाई धापा टाकत भिंतीला टेकले आणि म्हणाले, "इतना भारी मशीन. चलायेगा कौन? वो बाई तो इधर आनेवाली नहीं, सुना मैंने."

मी त्यांना पाणी दिलं.

त्या कपाटात कुंदाताईंनी मांडलेल्या सोयाबीनच्या गुंडाळ्या होत्या. दर्यापूर सोडताना त्यांचा कामाचा शेवटचा दिवस शनिवार होता, आणि आठवा दिवस येत होता मंगळवारी. त्या मंगळवारी साडेनऊच्या आधी त्या नव्या ऑफिसच्या काचेच्या दारात उभ्या होत्या. हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. गार्डने मला बोलावलं.

"अर्धवट मोजनी सोडून कशी जाऊ?" त्या म्हणाल्या. मग चप्पल काढता काढता, माझ्याकडे न बघता: "आज चौऱ्याऐंशी लागले. घरापासून इथवर. लिहायचं असन तर लिहा."

दुपारपर्यंत त्यांनी चारही गुंडाळ्या मोजल्या. अहवाल लिहिला, शेऱ्यात कपाट हलवल्याचं नोंदवलं, सही केली, हात धुतले आणि गेल्या. मी स्टँडपर्यंत सोडायला येतो म्हणालो. "रस्ता मालूम हाये," त्या म्हणाल्या.

त्यांच्या जागी एक पदवीधर मुलगी घेतली. हुशार होती. चौथ्या महिन्यात तिला पुण्याला नोकरी लागली आणि ती गेली. तिचं घर ऑफिसपासून नऊ मिनिटांवर होतं. त्यानंतर कंपनीने प्रयोगशाळाच बंद केली. नमुने आता बाहेरगावी जातात आणि आकडे संगणकावर येतात. कपाट पुन्हा चार जिने उतरवायला कोणी तयार नाही. मी त्यात स्टेशनरी ठेवतो. ज्या साहेबांनी नियम केला ते वर्षभरात दुसऱ्या कंपनीत गेले. नव्या ऑफिसात मांडलेल्या एकसष्ट खुर्च्यांपैकी आज चव्वेचाळीस भरलेल्या असतात. ऑफिसातून खाली पाहिलं की चौक दिसतो, गर्दी दिसते. त्यात आमचं गिऱ्हाईक कोणी नसतं. ते दर्यापूर-अकोटच्या बाजूला राहिलं.

मागच्या वर्षी जूनमध्ये एक वयस्क शेतकरी चौथ्या मजल्यावर आले. काचेच्या दाराबाहेर वहाणा काढून ठेवल्या होत्या, दुपट्ट्याच्या टोकाला सोयाबीन बांधलेलं. वहीत नाव लिहायला गार्डने पेन दिलं, तर ते पेन घेऊन तसेच आत आले.

"कुंदाबाई कोन्त्या खोलीत हाये?"

"त्या आता इथे नसतात," मी म्हणालो.

"सुट्टीवर हाये?"

"नाही. सोडलं."

"असं कसं सोडलं?" त्यांना ते खरं वाटेना. दुपट्ट्याची गाठ त्यांनी सोडत आणली होती, ती पुन्हा आवळली. "मंग हे दाखवू कोनाले?"

मी दाणे ठेवून घेतले आणि इतर नमुन्यांबरोबर बाहेरगावी पाठवले. आकडा अकरा दिवसांनी आला. त्यांना फोन केला तेव्हा म्हणाले, "पेरून झालं, साहेब. वाफसा थांबते का आपल्यासाठी?" चांगला आकडा होता. एक्क्याऐंशी. पण तो त्यांच्या काही कामाचा राहिला नव्हता.

एक गोष्ट मी घरीही कोणाला सांगितली नव्हती, ती इथे लिहितो. ऑफिस हलवल्यावर दोन महिन्यांत मी अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या तीन रजा टाकल्या. वेगवेगळ्या वारी, आदल्या संध्याकाळी दर्यापूरला जाऊन राहिलो, आणि सकाळी कुंदाताईंच्या घराजवळून, त्यांना दिसणार नाही असा, तो रस्ता घड्याळ लावून केला. सत्त्याऐंशी. त्र्याऐंशी. शहाऐंशी. त्यांचे चौऱ्याऐंशी धरून चार आकडे झाले. बेरीज तीनशे चाळीस, सरासरी पंच्याऐंशी. त्या दिवशीच्या शहाण्णवातून म्हाताऱ्यांची अकरा मिनिटं वजा केली तरी पंच्याऐंशीच. कागद नीट तक्त्यात लिहिला, खाली सही केली. तो पाठवायला आता कोणी नव्हतं. तो कागद माझ्या बॅगेत दोन वर्षं होता.

या वर्षी मे महिन्यात मी तो घेऊन त्यांच्या गावी गेलो. सासू गेल्या साली वारली. ओसरीवर गोणपाटाचे ओले तुकडे ओळीने पसरले होते, प्रत्येकावर खडूने नाव. गावातल्या लोकांचं घरचं बियाणं. एका नावाचे चार तुकडे. कुंदाताई पाटावर बसून मोजत होत्या. ओठ हलत होते, म्हणून मी त्यांचं शंभर पूर्ण होईपर्यंत उभा राहिलो.

"बसा, भाऊ," त्या म्हणाल्या. जणू मी रोज येतो.

मी कागद दिला. त्यांनी लांब धरून वाचला. चष्मा घरात होता. आकडे वाचायला त्यांना वेळ लागला नाही.

"पहिला मी सांगतला होता थो?"

"हो."

"मोठा सत्त्याऐंशी, लहान त्र्याऐंशी. चारचा फरक." त्यांनी मान हलवली. "बसते. रिझल्ट देता येते याच्यावर."

मी ओसरीच्या कडेला बसलो.

"तपासनाऱ्याची सही हाये," त्या म्हणाल्या. "पडताळनाऱ्याची नाई."

"म्हणून आणलाय."

त्यांनी पदराला हात पुसले, माझं पेन घेतलं आणि माझ्या सहीच्या शेजारी सही केली. तशीच, लॅबच्या अहवालावर करायच्या तशी, खाली दोन ठिपके देऊन. मग कागद परत देताना थांबल्या.

"थो शहान्नवबी खराच होता, भाऊ. खोटा कोन म्हनते? शेरा लिहाले पायजे होता."

"हो," मी म्हणालो. "लिहायला हवा होता."

मुलगी चहा घेऊन आली. आता अमरावतीला कॉलेजात जाते, गाडीने रोज. कुंदाताईंनी तिला मी कोण ते सांगितलं: "आमच्या ऑफिसातले भाऊ." याहून जास्त काही सांगितलं नाही. पुढच्या गोणपाटाकडे वळून त्या पुन्हा एकपासून मोजू लागल्या.

मी निघालो तेव्हा उन्हं कलली होती. फाट्यावर मी पोचायच्या आधीच गाडी येऊन उभी राहिली. पन्नास पावलं राहिली असतील, गुडघा धावू देत नाही. मागून आवाज आला. कुंदाताई माझ्या मागोमाग वाटेवरच्या उंचवट्यापर्यंत येऊन, हाताचा कर्णा करून ओरडत होत्या.

"ओ कंडक्टर भाऊऽ, थांबजा! भाऊ येऊन राहिले!"

कंडक्टर दारात उभा राहिला. आतून कोणीतरी कुरकुरलं. मी चढलो, दांडी धरली, आणि गाडी निघाल्यावर सवयीने घड्याळ पाहिलं.

गाडी माझ्यासाठी दोन मिनिटं थांबली होती.